निरवानिरवीचा वेळ

डॉक्टर खोलीतून बाहेर येतात, त्यांच्या मागोमाग थोरला मुलगा. दार हलकेच ओढून घेतलं जातं. मग तो खालच्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, एक विनंती आहे. बाबांना काही सांगू नका. ते हाय खातील." इस्पितळ तालुक्याचं असो की मुंबईचं, असं काहीतरी तिथल्या व्हरांड्यात सतत बोललं जातं. बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा रात्री बाबांच्या कॉटशेजारी चटई टाकून तोच झोपलेला असतो, औषधाच्या दुकानात तोच धावत असतो. जे मागतो ते तो प्रेमापोटीच मागतो. पण त्या अर्ध्या मिनिटात एक मोठा निर्णय होऊन जातो, आणि ज्याच्याबद्दल तो होतो तो माणूस दाराच्या आत असतो.

मरण जवळ आलेल्या माणसाला ते सांगावं का, कुणी, कसं आणि किती, हे या लेखात सावकाश उलगडून पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. 'सांगावं की सांगू नये' हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारतो. मुलाला विचारतो, जावयाला विचारतो, डॉक्टर तो स्वतःशीच सोडवतात. किती कळून घ्यायचं हे आजारी माणसालाच विचारायचं असतं, आणि तसं विचारण्याची एक पद्धत आहे, जी शिकता येते.

लपवणं ही आपली परंपराच आहे, असं पुष्कळांना वाटतं आणि त्यासाठी चरकसंहितेचा दाखला दिला जातो. तिच्यात इंद्रियस्थान नावाचा बारा अध्यायांचा स्वतंत्र भाग आहे. रोग्याचा वर्ण, आवाज, गंध, सावली, स्वप्नं यांवरून मरण जवळ आल्याची चिन्हं, म्हणजे अरिष्टं, कशी ओळखावीत हे तिथे सांगितलं आहे. शेवटच्या अध्यायात वैद्याला सल्ला आहे की, ही चिन्हं दिसली तरी कुणी विचारल्याशिवाय मरण सांगू नये. आणि विचारलं तरी, सांगितल्याने रोग्याला किंवा आणखी कुणाला अपाय होईल, दुःख होईल, तिथे सांगू नये. दुसरी अट खरोखरच ऐसपैस आहे, कुठलंही कुटुंब तिच्यात मावेल. पण पहिली अट नीट वाचावी. तिथे वैद्याचं मौन विचारलेल्या प्रश्नाशी बांधलेलं आहे, नातेवाइकांच्या विनंतीशी नाही.

शिवाय त्याच ठिकाणी असंही म्हटलं आहे की, अशा रोग्याची चिकित्सा वैद्याने हाती घेऊ नये. त्या काळचं मौन म्हणजे वैद्याचं बाजूला होणं होतं. माणूस घरी राही, आपल्या माणसांत, आपल्या अंथरुणावर. आजचं मौन तसं नाही. आज मौन पाळायचं तर सलाइन चालू ठेवावी लागते, किमोची पुढची तारीख घ्यावी लागते आणि शेवटी आयसीयूच्या काचेबाहेर बसावं लागतं. शब्द तेच राहिले आणि त्यांची किंमत अनेक पटींनी वाढली. म्हणून जुना दाखला आज जसाच्या तसा चालत नाही, असं मला वाटतं.

बाहेरच्या देशांत हे सगळं पहिल्यापासून मोकळं होतं असंही नाही. १९६१ साली शिकागोतल्या एका इस्पितळातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले की, कॅन्सर असल्याचं रुग्णाला न सांगणंच आम्ही पसंत करतो. तीच प्रश्नावली १९७७ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयातल्या २६४ डॉक्टरांपुढे ठेवली, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. सोळा वर्षांत माणसांचा स्वभाव बदलत नाही. बदलली होती परिस्थिती. उपचार वाढले होते, ते त्रासदायक होते, आणि कशासाठी हे न सांगता ते देणं अवघड झालं होतं. रुग्णाची संमती हा कायद्याचा विषय झाला होता. मधल्या काळात, १९६९ मध्ये, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं मरणासन्न माणसांच्या मुलाखतींवरचं पुस्तक आलं होतं. त्यातल्या पाच अवस्था पुढे इतक्या गाजल्या की लोक त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मोजू लागले, आणि त्याने थोडं नुकसानही केलं. पण मरणाऱ्या माणसाजवळ खुर्ची ओढून बसायचं आणि त्याला विचारायचं, ही त्या पुस्तकाची खरी देणगी.

जपानमध्ये झाकण्याची रीत बराच काळ टिकली. अकिरा कुरोसावांच्या १९५२ सालच्या 'इकिरू'मध्ये पोटाचा कॅन्सर झालेल्या कारकुनाला डॉक्टर सांगतात की, साधा अल्सर आहे. पण बाहेर बाकावर बसलेल्या एका माणसाने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की, डॉक्टर 'साधा अल्सर' म्हणाले, हवं ते खा म्हणाले, की समजावं. ही गोष्ट आपल्याकडेही घडू शकली असती. आपल्याकडे डॉक्टर 'खायला वाटेल ते द्या' म्हणाले की घरातली जुनी माणसं एकमेकांकडे बघतात.

आता कायदा. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांसाठी जे आचारनियम केले त्यांत म्हटलं आहे की, आजाराचं गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा त्याच्या जबाबदार मित्रांना, रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला पुरेल इतकी माहिती आहे याची डॉक्टरने खात्री करून घ्यावी. या वाक्यातल्या 'किंवा'वर आपला अख्खा व्हरांडा उभा आहे. नातेवाइकांना सांगितलं की नियम पाळल्यासारखं होतं.

पण न्यायालयाने दिशा वेगळी दाखवली आहे. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात, भूल दिलेल्या अवस्थेत असलेल्या एका सज्ञान बाईच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तिच्या आईची संमती घेतली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही. माणूस सज्ञान असेल, भानावर येऊन स्वतः ठरवू शकणार असेल आणि जिवावरची तातडी नसेल, तर आईसुद्धा त्याच्या वतीने ठरवू शकत नाही. मग आजार सांगितल्याशिवाय किमोच्या फॉर्मवर घेतलेला अंगठा कशाचा?

आणखी एक निकाल मला नेहमी आठवतो, वरवर पाहता या विषयाशी त्याचा संबंध नाही. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की, दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवणं आणि फाशी देणं यांत किमान १४ दिवसांचं अंतर हवं. कारणंही दिली. त्याला मनाची तयारी करता यावी, देवाशी आपला समेट करता यावा, मृत्युपत्र करता यावं, घरच्यांना शेवटचं भेटता यावं. मराठीत याला आपण निरवानिरव म्हणतो. फाशीच्या कैद्याला निरवानिरवीसाठी चौदा दिवस मिळतात. जन्मभर कष्ट करून आता अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईला ते मिळू नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

वाईट वाटायला कारण आहे. माझ्या आत्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा 'पोटात सूज आहे' असं सांगायचं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे तिचे दोन मुलगे, माझे वडील आणि मी, कारण रिपोर्ट मी वाचला होता. डॉक्टरांनी आमचं ऐकलं. फाल्गुनात ती मला म्हणाली, "चैत्रात माहेरच्या देवाच्या जत्रेला ने मला." गाडीने तीन तासांचा रस्ता. तेव्हा ती बसू शकत होती, थोडं जेवत होती. मी म्हणाले, "आधी बरी हो, पुढच्या वर्षी जाऊ." ती काही बोलली नाही. चैत्रात ती किमोने गळून पडलेली होती. ती किमो का चालू होती? कारण थांबवायला कारण द्यावं लागलं असतं. सूज उतरवायची म्हणून सलाइन लावतोय असं सांगितल्यावर, सूज उतरलेली नसताना ती बंद करायची कशी? वैशाखात आत्या गेली. खोटं बोलण्यात पाप आहे की नाही यावर मी वाद घालणार नाही. पण खोटं टिकवायला रोज काहीतरी खर्ची घालावं लागतं, आणि तो खर्च आजारी माणसाच्या उरलेल्या दिवसांतून होतो, हे मी पाहिलं आहे.

तिला कळलं होतं का? मला माहीत नाही, आणि आता विचारता येणार नाही. बहुतेकांना कळतं. परळला 'टाटा'त न्यायचं म्हटलं की मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, कॅन्सर हा शब्द न उच्चारताही तो उच्चारला जातो. फाइल हातातून काढून घेतली जाते. वर्षानुवर्षं न फिरकलेला भाऊ फळांची करंडी घेऊन येतो. सगळ्यांचे आवाज अचानक गोड होतात. आणि स्वतःचं शरीर तर कुणापासून लपवणार? ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये इस्पितळांत बसून पाहिलेलं लिहून ठेवलं. त्यांना चार अवस्था दिसल्या: रुग्णाला काहीच माहीत नसणं, त्याला संशय येणं, दोन्ही बाजूंना माहीत असून दोघांनी नाटक करणं, आणि मोकळेपणा. आपल्या घरांत तिसरी अवस्था सर्वांत लांबते. नवरा बायकोसाठी हसतो, बायको नवऱ्यासाठी. रात्री दोघंही कूस बदलून जागी असतात. ज्या माणसाशी आयुष्यभर सगळं बोललो, त्याच्याशीच सगळ्यांत मोठ्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही, हे एकटेपण रोगाने दिलेलं नसतं.

इथे डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सांगायचं म्हटलं तरी सांगायचं काय? मरण कधी येईल हे त्यांना खरंच नेमकं माहीत नसतं. शिकागोतल्याच एका अभ्यासात, जो २००० मध्ये छापून आला, ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल अंदाज विचारले गेले. जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर आले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य धरलं होतं. आणि डॉक्टर जितके जुन्या ओळखीचे, तितका अंदाज अधिक चुकीचा. माया आकडा वाढवते.

म्हणून 'तीन महिने आहेत' असं एका आकड्यात सांगणं हा प्रामाणिकपणा नाही. त्या आकड्यामागे काय असतं ते एकदा समजून घ्यावं. समजा, एकाच आजाराची शंभर माणसं आहेत आणि त्यातली पन्नास आठ महिन्यांत गेली. मग 'सरासरी आठ महिने' असं बोललं जातं. उरलेल्या पन्नासांतलं कुणी नऊ महिने जगेल, कुणी कित्येक वर्षं. शेपूट एकाच बाजूला लांब असतं. स्टीफन जे गुल्ड या शास्त्रज्ञाला १९८२ मध्ये असाच आठ महिन्यांचा आकडा असलेला कॅन्सर झाला. तो २००२ पर्यंत जगला, आणि मधल्या काळात हा आकडा कसा वाचावा यावर त्याने एक सुंदर निबंध लिहिला. अर्थात प्रत्येक जण गुल्ड नसतो, आणि घरातल्या हुशार पुतण्याने हे उदाहरण रुग्णाच्या तोंडावर फेकू नये. अनुभवी डॉक्टर काळाचे पट्टे वापरतात: वर्षं नाहीत, महिने आहेत, किंवा महिने नाहीत, आठवडे आहेत, किंवा आता दिवसांची गोष्ट आहे. त्यात अनिश्चितताही खरी राहते आणि दिशाही कळते.

कॅन्सरमध्ये हा पट्टा त्यातल्या त्यात ओळखता येतो, कारण माणूस बराच काळ हिंडता-फिरता असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्याने उतरतो. हृदयाच्या, फुप्फुसाच्या आजारात तसं नसतं. दर चार-सहा महिन्यांनी माणूस मरणाच्या दारात जातो, इस्पितळातून परत येतो, आधीपेक्षा एक पायरी खाली. आणि कुठली खेप शेवटची हे आधी कळत नाही. 'मागच्या वेळी उठले, याही वेळी उठतील' असं सगळे म्हणत राहतात. अशा रुग्णांसाठी डॉक्टर स्वतःला एक प्रश्न विचारतात: हा माणूस वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर 'नाही' असेल तर बोलायची वेळ झाली आहे.

आता प्रत्यक्ष सांगणं. टोरांटोचे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये याची सहा पायऱ्यांची रीत मांडली. ती आता जगभर शिकवली जाते. पायऱ्यांची नावं इथे देत नाही, आपल्या वॉर्डात ती कशी दिसेल ते सांगते.

डॉक्टर उभ्या उभ्या बोलत नाहीत. स्टूल ओढून, डोळ्यांच्या पातळीवर बसतात. पडदा ओढलेला असतो, फोन बंद असतो, रुग्णाला हवं ते माणूस शेजारी असतं. हवं ते, म्हणजे कोण हे रुग्णाला विचारून. थोरला मुलगा असेलच असं नाही, कधी धाकटी बहीण असते.

मग सांगणं नाही, विचारणं. "मावशी, आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे होतंय हे?" या प्रश्नावर निम्मं काम होतं. मावशी म्हणतात, "गाठ आहे म्हणतात. साधी नसणार." किंवा म्हणतात, "पित्त आहे ना?" दोन्ही उत्तरांत पुढचा रस्ता वेगळा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय कळला नसता.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. "काही जणांना आजाराबद्दल सगळं बारकाईने कळून घ्यायचं असतं. काही जण म्हणतात, माझ्या मुलाशी बोला, मला नको. तुम्हाला कसं चालेल?" हा प्रश्न दारातल्या भांडणाचा निकाल लावतो. मावशी 'मुलाशी बोला' म्हणाल्या तर ते लपवणं राहत नाही, ती त्यांची निवड होते. न कळून घेण्याचाही माणसाला हक्क आहे. फक्त तो हक्क त्याच्या वतीने दुसऱ्याने बजावू नये, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा विचारून पाहावं, कारण माणसं मत बदलतात.

त्यांना कळून घ्यायचं असेल तर आधी चाहूल द्यायची: "बातमी आपल्याला हवी होती तशी नाही." दोन क्षण थांबायचं. मग एकच छोटं, सरळ वाक्य: "हा कॅन्सर आहे, तो लिव्हरमध्ये पसरलाय आणि तो पूर्ण बरा होणार नाही." पुढे काहीही बोलायचं नाही. इथे शब्दांची फार काळजी घ्यावी लागते. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय' हे ऐकून घरी पेढे वाटायची तयारी झाल्याचं ऐकिवात आहे. 'किमोला रिस्पॉन्स चांगला आहे' याचा अर्थ गाठ आकसते आहे एवढाच असतो, ऐकणारा मात्र 'बरा होतोय' असा घेतो. हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या ११९३ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. किमोने आपण पूर्ण बरे होण्याची शक्यता नाही हे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. आणि या सगळ्यांनी किमो घ्यायचं ठरवलेलं होतं.

त्या वाक्यानंतर शांतता येते. ती भरून काढायची घाई सगळ्यांनाच होते, डॉक्टरांना सर्वांत जास्त. भरू नये. मावशी रडतील. 'रडू नका, धीर धरा' म्हणण्यापेक्षा पाणी पुढे करावं, हातावर हात ठेवावा आणि म्हणावं, "हे ऐकणं किती जड जातंय ते दिसतंय मला." काही जण चिडतात, काही जण एकदम किमोच्या खर्चाचं विचारतात. त्या घटकेला कानावर पडलेलं फारसं लक्षात राहत नाही, म्हणून आकडे, औषधांची नावं, योजना नंतर.

"किती दिवस आहेत माझ्याजवळ?" हा प्रश्न येतोच. लगेच उत्तर देण्याआधी हळुवारपणे विचारावं, "काही ठरवायचंय का तुम्हाला? कशासाठी विचारता?" उत्तर बहुधा अगदी ठोस असतं. नातीची बारावी. धाकटीचं बाळंतपण. सात-बारावरचं नाव. मग काळाचा पट्टा त्या गोष्टीशी जोडून सांगता येतो: "बारावीचा निकाल जूनमध्ये म्हणता. तोवर तुम्ही असाल याची मला खात्री वाटत नाही. जे करायचं ते आत्ता करावं."

आणि 'आता आमच्या हातात काही नाही' हे वाक्य या संभाषणात कधीही येऊ नये. ते खरंही नसतं. मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना त्या देणं सोपं झालं आहे. धाप, उलटी, पोटातलं पाणी, झोप, यांवर इलाज आहेत. पॅलिएटिव्ह केअर हेच तर काम करते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. 'घरी न्या, सेवा करा' हे आपल्याकडचं वाक्य मुळात चांगलं आहे. पण दुखण्यावरची गोळी आणि रात्री फोन करायला एक नंबर सोबत दिला नाही, तर ते वाक्य म्हणजे दार लावून घेणंच.

बाहेर उभ्या असलेल्या मुलाचं काय? त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याला विचारावं, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" मग भीती बाहेर येते: बाबा जेवण सोडतील, जिवाचं काही करून घेतील, किंवा मलाच त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही. ही शेवटची भीती बऱ्याचदा खरी असते, आणि तिच्याकडे मायेने बघावं. त्यानंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं: "मी होऊन सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही." हे ऐकून बहुतेक मुलं थोडी हलकी होतात, कारण ओझं वाटलं जातं. मात्र लपवण्यामागे दर वेळी प्रेमच असतं असं धरू नये. कधी मिळकतीचा प्रश्न असतो. आणि बायकांच्या बाबतीत तर आजार नवऱ्याला नि मुलाला सांगायचा, तिला 'औषध घे' एवढंच म्हणायचं, हे इतकं सरावाचं आहे की त्यात काही चुकलं असं कुणाला वाटतही नाही. ती लिहिती-वाचती नसेल तर आणखीच. वाचता न येणं आणि न समजणं यांत फरक आहे.

'खचतील' या भीतीबद्दल एवढंच. २०१० मध्ये अमेरिकेत, शरीरभर पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी काहींना निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअरची जोड दिली. त्यात आजार किती समजलाय, पुढे काय हवंय, यावर मोकळं बोलणं असे. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, शेवटचे जोरकस उपचार कमी घेतले गेले, आणि तरीही ते दुसऱ्या गटापेक्षा जास्त जगले: साधारण ११.६ महिने, दुसरे ८.९. बोलण्याने आयुष्य वाढतं असा अर्थ मी काढत नाही; पण बोलण्याने माणसं कोसळली, असंही दिसलं नाही.

माहीत असलेला माणूस काय काय करू शकतो? २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मला व्हेंटिलेटर लावू नका असं आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये विनोबांनी अन्न आणि औषध थांबवलं आणि दिवाळीत देह ठेवला. त्यांच्या 'गीता प्रवचने'तला आठवा अध्याय प्रयाणसाधनेवरच आहे. सगळ्यांनी तसं करावं असं नाही. पण मरणाची तयारी हा आपल्याकडे एके काळी सभ्य बोलण्याचा विषय होता, एवढं यातून दिसतं.

शेवटच्या दिवसांत सांगायचं असतं ते घरच्यांना, आणि तेही आधी. माणूस खाणं सोडतो; तो उपाशी म्हणून मरत नाही, मरणाकडे चालल्यामुळे त्याला भूक उरत नाही. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्यांवर जांभळट नक्षी उमटते. श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो. मग घरघर लागते. घशातला स्राव खोकून काढायची ताकद नसते म्हणून तो आवाज येतो. ऐकणाऱ्याचं काळीज तुटतं, पण त्या माणसाला त्याचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवावं. गंगाजळ द्यायचं असेल तर गिळता येत नसताना चमच्याने ओतू नये, ओठ ओले करावेत. ऐकू येतंय असं धरून बोलावं. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की पहाटे तीनला रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि घरी मरायची इच्छा असलेला माणूस इस्पितळाच्या जिन्यात जातो.

सहा पायऱ्यांच्या रीतीत सहज सुटून जाईल अशी एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी परत येणं. डॉक्टर पुन्हा स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "काल आपण काय बोललो, ते मला तुमच्या शब्दांत सांगा." मावशी आदल्या दिवशी रडल्या होत्या, सगळं समजलं असं म्हणाल्या होत्या. आज त्या म्हणतात, "समजलं मला. पण या वर्षी गणपतीला कोकणात जायचंय हं. दीड दिवसाचा असतो आमचा." मुलगा दारातून डॉक्टरांकडे बघतो. मावशींना चुकीचं समजलेलं नाही, आणि त्यांना दुरुस्त करायचीही गरज नाही. माणूस दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगू शकतो.

"गणपतीला अजून दोन महिने आहेत," डॉक्टर म्हणतात. "येत्या रविवारीच जाऊन आलात तर?"

मग ते मुलाला आत बोलावतात, आणि गाडीचं कसं करायचं ते तिघं मिळून ठरवतात.